फुले थांबत नाहीत, रंग वाळत नाहीत

फुलांची चित्रे काढणाऱ्या बाईविषयी लोकांची एक ठाम कल्पना असते. सावलीत टाकलेली खुर्ची, मंद वारा, समोर डोलणारी बाग आणि या सगळ्याच्या मधोमध तृप्त चेहऱ्याने बसलेली ती बाई, असे ते दृश्य असते. आणि जुलै महिन्यात गोव्यातल्या फोंड्याच्या आसपास ज्यांनी जलरंगाची पेटी कधी उघडलेली नाही, त्यांना ते खरेही वाटते. मी हा उद्योग बरीच वर्षे करीत आले आहे. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर नेमके काय असते, याबद्दल घरातल्या माणसांनी आजवर सौजन्याने मौन पाळलेले आहे.

जास्वंदीचेच पाहा. हे फूल सकाळी उमलते आणि बहुधा त्याच संध्याकाळी मिटते, म्हणजे चित्रकाराला निसर्गाने दिलेली मुदत मुळातच एका दिवसाची. त्या मुदतीतून आमच्या सासूबाईंचा वाटा वजा करावा लागतो. त्या पहाटे परडी घेऊन परसात उतरतात आणि मी कागद पाटावर चिकटवून बाहेर येईपर्यंत झाडावर फक्त पाने उरलेली असतात. "आई, एखादे तरी फूल ठेवा," असे मी एकदा धीर करून म्हटले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "देवापेक्षा तुझे चित्र मोठे का गो?" या प्रश्नाला सुनेकडे उत्तर नसते. पुढे त्यांनी स्वतःच तडजोड काढली. किडीने खाल्लेले फूल देवाला चालत नाही, तेव्हा तेवढे माझ्यासाठी झाडावर राहू लागले. परिणामी माझ्या जास्वंदीच्या प्रत्येक चित्रात एका तरी पाकळीला भोक आहे. पणजीतल्या एका प्रदर्शनात एका रसिक गृहस्थांनी त्या भोकांसमोर बराच वेळ उभे राहून, जीवनाची क्षणभंगुरता मी फार संयमाने मांडली आहे, असा अभिप्राय दिला. मी नम्रपणे मान लवविली. सासूबाईंचे नाव घेतले नाही.

फूल मिळाले तरी पावसाळ्यात जलरंगाचे पुढे काय होते, हे सांगण्यासारखे आहे. या रंगाचे सारे तंत्र पाण्याच्या वाळण्यावर उभे आहे: पहिला हात वाळावा, त्यावर दुसरा पारदर्शक हात द्यावा, तोही वाळावा आणि मग तिसरा. हवेतील आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात असताना पहिला हात सकाळी दिला तर तो दुपारी जेवण आटोपले तरी ओलाच असतो, आणि घाई करून त्यावर ब्रश टेकवला की नव्या ब्रशातले पाणी जुन्या रंगाला बाहेर ढकलते व पाकळीच्या मधोमध फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कडा कुरळ्या असलेला डाग उमटतो. केसांचा ड्रायर हा त्यावरचा मान्य उपाय आहे. मात्र ड्रायर विजेवर चालतो आणि आमच्याकडे पाऊस व वीज एकाच वेळी नांदत नाहीत.

कागदाची कथा याहून करुण आहे. चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा सुती कागद मी पोटाला चिमटा घेऊन आणते. पाणी लगेच शोषले जाऊ नये म्हणून त्या कागदाला सरसाची पाजणी दिलेली असते. दमट हवेत तिचे बळ सरते, आणि मग त्याच महाग कागदावर रंगाचा ठिपका ठेवला की तो टीपकागदावर पसरावा तसा चहूकडे धावतो. वर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात ते वेगळेच. म्हणून जूनपासून माझे कागद पापडांच्या मोठ्या डब्यात, पापडांच्या शेजारी राहतात. त्यामुळे माझ्या पावसाळी चित्रांना हिंगाचा मंद वास येतो, पण तो फोटोत दिसत नसल्यामुळे विक्रीवर परिणाम होत नाही. मुंग्यांना मात्र कशाचा वास येतो ते मला पक्के ठाऊक आहे. काही कंपन्यांच्या जलरंगांत डिंकाबरोबर मधही असतो, रंग पेटीत कडक होऊ नये म्हणून. युरोपात ही सोय असेल. आमच्याकडे ते आमंत्रण ठरते, आणि पेटीतील पिवळ्या रंगाभोवती सकाळी जी पंगत बसलेली असते, तिला उठवण्यातच उजेडाचा चांगला वेळ निघून जातो.

जलरंगाने एवढे छळल्यावर शहाणा माणूस ॲक्रिलिककडे वळतो, आणि मी वळले ती नेमकी मे महिन्यात. जे जुलैत वाळत नाही त्याचा सूड हा रंग उन्हाळ्यात घेतो. पॅलेटवर काढलेला रंग ब्रशाने कॅनव्हासपर्यंत नेईपर्यंत त्याच्यावर साय धरते, आणि एकदा वाळला की तो पाण्याला दाद देत नाही, कारण तो मुळात प्लॅस्टिकच असतो. कुणी दारात आले म्हणून ब्रश खाली ठेवून उठावे, तर परत येईपर्यंत त्याची काडी झालेली असते. आणि आमच्या दारात कुणी आले की "जरा आत या" म्हणावे लागते.

या दोन रंगांच्या स्वभावांतील खरा विरोध मात्र वाळल्यानंतरच कळतो. जलरंग वाळला की फिका पडतो. ॲक्रिलिकमधील चिकट द्रव्य ओले असताना दुधाळ आणि वाळल्यावर पारदर्शक असते, त्यामुळे तो रंग वाळला की गडद होतो. म्हणजे ओल्या रंगाकडे पाहून घेतलेला कोणताही निर्णय दोन्हींकडे चुकीचाच ठरणार, फक्त उलट दिशांना. सकाळी जलरंगात आणि दुपारी ॲक्रिलिकमध्ये काम करणाऱ्या माणसाची बुद्धी संध्याकाळपर्यंत कोणत्या छटेला पोचलेली असते, याचा अंदाज वाचकांनी करावा.

यात पांढऱ्या फुलांचा विषय काढू नये हे बरे, पण गोव्यात राहून तो टाळता येत नाही. अनंत, मोगरा, जाई, तगर, चाफा, सगळी पांढरीच. जलरंगात पांढरे फूल रंगवायचेच नसते. कागद तसाच कोरा सोडायचा आणि भोवतालची पाने रंगवून फूल आपोआप उमटू द्यायचे. दोन दिवस खपून मी अनंताची हिरवी पाने अशी रंगविली, तेव्हा शेजारच्या काकी येऊन म्हणाल्या, "पाने बरी आली गो, आता फूल कधी काढणार?"

रंगीत फुलांत अबोली सर्वांत दगाबाज. तांबडा आणि पिवळा मिसळला की गाजर तयार होते. त्यात कणभर गुलाबी घातला की कोळंबी होते. अबोली त्या दोहोंच्या मधल्या एका अरुंद वाटेवर कुठेतरी असते. इतरत्र ही चूक खपून गेली असती, पण इथे केसांत अबोलीची वेणी माळलेली नाही अशी आजी सापडणे कठीण, आणि त्या सगळ्या माझ्या परीक्षक असतात.

बाहेर बसून बाग रंगवावी, या मोहापायी मी पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानातही बसून पाहिले आहे. तिथे जमलेल्या मंडळींनी मला माझ्या पॅलेटपेक्षा अधिक रंग सुचविले, आणि एका आजोबांनी बँडस्टँड चित्रात नको असेल तर तो जरा डावीकडे सरकवा, असाही सल्ला दिला. ज्यांच्या नावाने ही बाग आहे ते पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आले आणि इथल्या वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्या ग्रंथात चित्रे नाहीत. अभ्यासक याची कारणे काहीही देवोत. इथले कितीतरी पावसाळे काढलेल्या माणसाने वनस्पतींचे वर्णन शब्दांतच उरकले, यात मला तरी नवल वाटत नाही.

सध्या माझ्याकडे मडगावच्या एका बाईंनी दिलेले काम आहे. त्यांना दिवाणखान्यासाठी मोठे चित्र हवे आहे, जलरंगातच, आणि विषय त्यांनी स्वतः निवडला आहे: निशागंधा. हे झाड आमच्या परसातही आहे. त्याचे फूल पावसाळ्यात येते, पांढरेशुभ्र असते, रात्र पडल्यावर उमलू लागते आणि पहाटेपर्यंत मान टाकते. बाईंची अट एवढीच आहे की ते सकाळच्या कोवळ्या उन्हात टवटवीत उमललेले दिसले पाहिजे, आणि मी प्रत्यक्ष फूल समोर ठेवूनच काढले पाहिजे, फोटोवरून नव्हे. आगाऊ रक्कम मी घेतलेली आहे.