कारवानी कुत्रा नुसता पळवून भागत नाही

कारवानी, म्हणजे शिकारीसाठी पाळली जाणारी आपली देशी कुत्र्याची जात, पाळणाऱ्यांच्या गटांत एक मेसेज सतत फिरतोय: "सकाळी मोटारसायकलीमागे पाच किलोमीटर पळवा, दिवसभर गप्प बसतो. या कुत्र्याला डोकं नसतं, शिकवायच्या नादी लागू नका. दिवसा बांधून ठेवा, राखणीला कडक होतो." तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि त्यांचे परिणाम कुत्रा भोगतो.

आधी पळवण्याचं. रोज तेवढंच पळवलं की कुत्र्याचा दम वाढतो, मग पाचाचे सात किलोमीटर केले तरी तो घरी येऊन चपला फाडतोच. शिवाय गाडीमागचा कुत्रा थकला तरी थांबत नाही. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. त्यात ऊन चढलं की खालून डांबरही तापतं. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला तर असं पळवूच नये, त्याची हाडं अजून वाढत असतात.

"डोकं नसतं" हे मात्र मला फार लागतं. या कुत्र्याच्या पिढ्यान्‌पिढ्या माळरानावर गेल्या. दूरवर हललेला ससा नजरेनं टिपायचा, तो कुठे वळेल याचा अंदाज घ्यायचा, धन्याच्या हुकमाची वाट न बघता आडवं जायचं, हे त्याचं काम. असा कुत्रा दहाव्यांदा 'बस' म्हटल्यावर बसत नाही, कारण त्याला त्यात काम दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली सशाची शिकार आता गुन्हा आहे, ते योग्यच झालं. पण कुत्र्याचं काम गेलं, कामाची भूक राहिली. ती भागवायला लांब काठीला दोरी आणि टोकाला चिंधी बांधा. चिंधी जमिनीलगत फिरवा, मध्येच थांबवा, दिशा बदला. तो थांबून तुमच्याकडे बघेल तेव्हाच पुन्हा हलवा आणि शेवटी त्याला ती पकडू द्या. कधीच हाती न लागणारी शिकार त्याला चिडवते. पाच-दहा मिनिटं पुरे. जेवणातले भाकरीचे तुकडे जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवा. फिरताना लांब दोर लावा आणि जिथे हुंगेल तिथे हुंगू द्या, ओढू नका. शिट्टी वाजली की परत येणं, दर वेळी खाऊ देऊन, रोज थोडं थोडं शिकवा. मोकळ्या माळावर ही सवयच त्याचा जीव वाचवते.

राहिलं बांधणं. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा कडक होत नाही, भेदरट आणि चिडका होतो. येरझाऱ्या घालतो, पंजे चाटत बसतो, दिसेल त्यावर भुंकतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा आहे. राखण हवी असेल तर पिल्लू असतानाच दूधवाला, पोस्टमन, शेजारची पोरं यांची त्याला ओळख करून द्या, आणि साखळी पाहुण्यांच्या पंगतीपुरती ठेवा.