सागवानी म्हणे!

"बेड सागवानीच आहे की वैनी, हात लावून बघा!" लावला हात. कडेची पट्टी नखाला सुटून आली. आत काय? दाबलेला भुसा, वर सागाच्या रेषा छापलेला कागद! दांडेली-खानापूरची सागाची जंगलं उशाला आणि बेळगावात हे विकताना काहीच कसं वाटत नाही?

खडे बाजारापासून टिळकवाडीपर्यंत फर्निचरच्या दुकानांत तीच कॅसेट. प्लाय कुठला? "वॉटरप्रूफ!" अहो, पण आयएसआय शिक्का ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायचा, की ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या? की लगेच पंख्याकडे बघायचं. इथला पाऊस माहीत नाही का यांना? जुलैत रुमाल वाळत नाही, हा भुसा श्रावणापर्यंत पुरीसारखा टम्म फुगणार.

भाव पाटीवर एक, तोंडी दुसरा, आणि पक्कं बिल मागितलं की १८ टक्के जीएसटी आठवून तिसरा. बेड ७२ बाय ६० चा, गादी ७८ बाय ६० ची, दोन्ही म्हणे 'क्वीन' साइज. वरचे सहा इंच काय लोंबकळत ठेवू? "कापून देतो की!" गादी कापून?

डिलिव्हरी तर विचारूच नका. "उद्या येतंय बघा." हा उद्या कुठल्या पंचांगात असतो? फोन करावा तेव्हा टेम्पो रेल्वे गेटला अडकलेला. आला एकदाचा, ऐन जेवणाच्या वेळी. स्क्रूची पुडी नाही, बेडला पाय तीन, आणि हमालांचं "जिन्याचं वेगळं द्या." चौथा पाय गोडाऊनला राहिलाय. गोडाऊनची किल्ली ज्याच्याकडे, तो निपाणीला लग्नाला गेलाय!