शाळा सकाळची झाली, पत्रे तेच आहेत

एप्रिलमधली गोष्ट. तिसरीतला एक पोरगा फळ्यावरचं गणित उतरवता उतरवता थांबला आणि म्हणाला, "सर, डोकं गरगरायलंय." घड्याळात साडेदहा. त्याला लिंबाखाली नेलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. सकाळी काय खाल्लं विचारलं तर मान हलवली. आई पहाटेच कामावर गेलेली.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दोन वर्गांवर स्लॅब, दोन पत्र्याचे. २०२५ मध्ये शासनानं उन्हामुळे राज्यभर एकच वेळ लावली, प्राथमिक ७ ते ११:१५ आणि माध्यमिक ७ ते ११:४५. चांगलंच केलं. पण त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेल्या. विदर्भात उन्हामुळे शाळा २३ जूनला उघडल्या, आमच्या १६ लाच. परभणी-नांदेडचं ऊन काय पुण्यासारखं असतं?

पत्र्याचं ऊन घड्याळ बघत नाही. नऊ वाजले की पत्रे कडकड वाजायला लागतात, दहानंतर वरून धग उतरते. पंखा तीच गरम हवा फिरवतो, तोही लाईट असेल तर. "मुलांना वारंवार पाणी पाजा" असं परिपत्रकात असतं. टँकर दोन दिवसांआड येतो हे त्यात नसतं.

आणि लेकरांबद्दल निदान बोललं तरी जातं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं काय? त्यांची शेड म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला दार. मधल्या सुट्टीला खिचडी तयार पाहिजे म्हणून सातलाच चूल पेटते. भलं मोठं पातेलं, धूर डोळ्यांत, पदर तोंडावर. पोरं घरी गेली की त्या भांडी घासत बसतात, बारा-साडेबारापर्यंत. मानधन महिन्याला २५०० रुपये. मी म्हटलं, "मावशी, पाच मिनिटं सावलीत बसा." तर म्हणाल्या, "बुडाला लागंल की, सर." उष्णतेच्या एकाही सूचनेत मला स्वयंपाकाची शेड सापडलेली नाही.

धुराचं वेगळंच. सकाळी वारा पडलेला असतो, धूर वर जात नाही. कुंपणाला लागून कचरा जाळतात, हंगामात पाचट नि पऱ्हाट्याही. नेमकं त्याच वेळी आम्ही परिपाठाला मैदानात उभे. संभाजीनगर, जालना, लातूर ही शहरं केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत तरी आहेत. आमच्या गावात हवा मोजायचं यंत्रच नाही, म्हणजे कागदावर हवा झकासच! मी परिपाठ वर्गात घ्यायला लागलो. एका दमेकरी पोरीचा खोकला कमी झाला, एवढं मला पुरे आहे. (साहेब विचारतील तेव्हा बघू.)

मागच्या रविवारी दोन पालक आणि मी एका वर्गाच्या पत्र्यावर चुना मारला. सोमवारी साडेदहाला दोन्ही पत्र्याच्या वर्गांत थर्मामीटर लावला. बिनचुन्याच्या वर्गात ४१, चुन्याच्या वर्गात ३७. खर्च आला सहाशेच्या आत, तोही आमच्याच खिशातून. शाळेला मिळणाऱ्या अनुदानात हे बसतं का विचारलं, तर "प्रस्ताव पाठवा" असं उत्तर आलं. पाठवलाय.

चुना दुसऱ्या वर्गालाही पुरला नाही. या रविवारी आणखी दोन पोती आणतोय. आधी मावशींची शेड.