टोकियोच्या ‘आयसीयू’ विद्यापीठाविषयी फिरणारा मजकूर कुठे चुकतो

‘टोकियोची इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी (आयसीयू) मॅकआर्थरने अमेरिकी पैशातून उभी केली. तिथे ख्रिस्ती नसलेल्याला प्रवेश नाही, चर्चला गेल्याशिवाय पदवी नाही, आणि जपानी संस्कृती पुसणं हाच तिचा हेतू.’ असा मजकूर हातोहात पुढे जातो. नावात ‘ख्रिश्चन’ असल्यामुळे तो लगेच पटतोही. पण त्यातलं एकेक विधान घेऊन पाहिलं, तर फार थोडं हाती उरतं.

आधी पैशाचं पाहू. मॅकआर्थर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा ताबा सांभाळणारे अमेरिकी सेनापती, अमेरिकेतल्या निधिसंकलनाचे मानद अध्यक्ष होते, एवढं खरं. पण विद्यापीठाची जमीन जपानी लोकांच्या वर्गणीतून विकत घेतली गेली. युद्धाने होरपळलेल्या देशात ही वर्गणी गोळा करण्याच्या मोहिमेचं नेतृत्व बँक ऑफ जपानचे गव्हर्नर हिसातो इचिमादा करत होते आणि ते ख्रिस्ती नव्हते. देणगीदारांतही ख्रिस्ती नसलेले असंख्य होते. जून १९४९मध्ये गोतेंबा इथे जपानी आणि उत्तर अमेरिकी ख्रिस्ती पुढारी एकत्र बसले आणि संस्थेची रीतसर स्थापना झाली. कोणा एका चर्चची मालकी नको, सगळ्या पंथांनी मिळून ही संस्था चालवायची, हे तेव्हापासूनचं सूत्र. अध्यापन १९५३मध्ये सुरू झालं.

ती जागा कोणाची होती, हे त्या मजकुरात कधीच येत नाही. मिताका इथला तो परिसर नाकाजिमा विमान कंपनीच्या संशोधन केंद्राचा. थेट अमेरिकेवर बॉम्ब टाकून येईल अशा ‘फुगाकू’ विमानाची योजना याच कंपनीची. त्या केंद्राच्या इमारतीची डागडुजी करून तिथे वर्ग भरवले गेले. आजही ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तिचं रूपांतर करणारे वास्तुविशारद विल्यम मेरेल व्होरिस जन्माने अमेरिकी असले, तरी त्यांनी १९४१मध्ये, म्हणजे ऐन तणावाच्या काळात, जपानी नागरिकत्व घेतलं होतं.

आणि या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष कोण? हाचिरो युआसा, कीटकशास्त्रज्ञ. त्याआधी ते क्योतोच्या दोशिशा विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि लष्करशाहीच्या दबावामुळे त्यांना १९३७मध्ये ते पद सोडावं लागलं होतं. अशा माणसाला परक्यांचं बाहुलं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रवेशाचा मुद्दा तर दोन वाक्यांत निकाली निघतो. जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का. त्यांच्यापुरतंच दार उघडं ठेवलं असतं, तर सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांचं हे विद्यापीठ चाललंच नसतं. ज्या राजघराण्याचे सगळे विधी शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, परंपरेचे, त्या घराण्यातल्या माको आणि काको या दोन्ही बहिणी इथूनच पदवी घेऊन बाहेर पडल्या. काको तर राजघराण्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं गाकुशुइन विद्यापीठ अर्ध्यावर सोडून इथे आल्या.

आता सक्तीचं. चॅपलमधल्या उपासनेला बसणं ऐच्छिक आहे. ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रम मात्र अनिवार्य आहे. तो धर्म समजून घेण्यासाठी आहे, स्वीकारण्यासाठी नाही. आणखी एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला करावी लागते आणि मला ती या विद्यापीठाची सर्वांत मोलाची प्रथा वाटते: प्रवेशाच्या समारंभात तो एका प्रतिज्ञेवर सही करतो. ती प्रतिज्ञा बायबलवर नाही, १९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या तत्त्वांवर आहे. बौद्ध असो, शिंतो असो की काहीच न मानणारा, सहीचा कागद सगळ्यांना एकच.

संस्कृती पुसण्याचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. याच आवारात ताइझानसो नावाचं जुनं निवासस्थान जपून ठेवलंय. त्यात एकाच तातामीची, म्हणजे एक माणूस आडवा होईल एवढ्याच चटईची, एक खोली आहे. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा शोधयात्री मात्सुउरा ताकेशिरो याने ती १८८६मध्ये उभारली. देशभरातल्या शिंतो देवळांतून आणि बौद्ध विहारांतून मिळालेले जुन्या लाकडाचे सुमारे ९० तुकडे जोडून ती बनवलीय. संस्कृती पुसायला निघालेले लोक देवळांची ही लाकडं कशाला सांभाळतील?

टीका करायचीच तर तिला जागा आहे. पूर्णवेळ प्राध्यापक ख्रिस्तीच असावेत हा नियम इथे दीर्घकाळ होता. त्यावर विद्यापीठाच्या आतूनच आक्षेप घेतले गेले आणि माझ्या मते ते रास्त होते. विद्यार्थ्याला श्रद्धा विचारायची नाही आणि शिक्षकाला मात्र विचारायची, हे त्या सहीच्या कागदाशी जुळत नाही. पण या मुद्द्यावर बोलायचं तर नियम वाचावे लागतात, प्राध्यापकांचं म्हणणं ऐकावं लागतं. संस्कृती पुसण्याचा आरोप मात्र काहीही न वाचता करता येतो, म्हणून तोच जास्त फिरतो.