संपता न संपणारी शेवटची दोन मिनिटे
एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना अटीतटीला आला की शेवटची दोन मिनिटे काही केल्या संपत नाहीत, याचा मनस्वी संताप येतो. प्रत्येक संघाला सामन्यात ७ टाइमआउट, म्हणजे प्रशिक्षकाने खेळाडूंना सूचना देण्यासाठी मागून घेतलेले विराम, असतात. शेवटच्या तीन मिनिटांत त्यांतले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात हे खरे, पण एकेक टाइमआउट ७५ सेकंदांचा, त्यात घड्याळ थांबवायला मुद्दाम केलेले फाउल आणि पंचांनी निर्णय तपासायला पाहिलेले रिप्ले. वर टाइमआउट घेणाऱ्याला चेंडू थेट पुढच्या अर्ध्या मैदानात मिळतो, म्हणजे मैदान पार करण्याचे कष्टही वाचले! तिथल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तर प्रत्येक सत्रात १६, १२, ८ आणि ४ मिनिटे उरल्याच्या टप्प्यांनंतर खेळ थांबला की जाहिराती ठरलेल्याच. सलग गुण घेत सुटलेल्या संघाची लय नेमकी तिथेच मोडते. सरावात महिनोन्‌महिने शिकवलेले खेळाडूंना निदान शेवटी तरी आपल्या बुद्धीने वापरू द्या की!