भाच्याला वाइंडिंग शिकायचंय

गेले आठ दिवस आमच्याकडे फोनवर फोन चालू आहेत. कुणी आजारी नाही, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलेलं नाही. भाच्याला दहावीला 78 टक्के पडले आणि त्याने घरात जाहीर केलं की अकरावी सायन्स नको, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो आणि सुट्टीत मामाच्या दुकानात मोटर भरायला (वाइंडिंग, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं) शिकतो. ताई नालासोपाऱ्याला असते. तिचं पहिलंच वाक्य, "तू बिघडवलास त्याला." भावोजी माझ्याशी थेट बोलत नाहीत, पण ताईच्या मागून त्यांचा आवाज येतो, "एवढे टक्के काय मोटरी भरायला मिळवलेत?"

मी राजापूर तालुक्यात रस्त्याकडेच्या एका गाळ्यात पंप, मोटर, ग्रास कटर दुरुस्त करतो. वीसेक वर्षं झाली. पोरगं दर मे महिन्यात आंबे खायला यायचं आणि दुपारी दुकानात येऊन बसायचं. मी त्याला काही शिकवलं नाही, खरंच नाही. गेल्या वर्षी एक जळलेला स्टेटर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला न फिरणारा भाग, उघडून ठेवला होता. याने आपणहून प्रत्येक स्लॉटमधले जुने फेरे मोजले आणि नंबर घालून वहीच्या मागच्या पानावर लिहिले. मी तपासले, एकही चुकला नव्हता. बिघडवलं म्हणजे माझं एवढंच की तेव्हा मी "शाब्बास" म्हणालो.

भावोजींच्या टक्क्यांचं उत्तर आधी देतो. मोटर भरायची म्हणजे तारेचं गेज, फेऱ्यांची संख्या, कॉइल कुठल्या स्लॉटमधून निघून कुठल्या स्लॉटमध्ये जाते, जोडणी कशी, इन्सुलेशन किती, व्हार्निश कधी, हे सगळं नीट पाहिजे. मी स्वतः सुरुवातीला एका बागायतदाराची पाच एचपीची मोटर भरली. हवं ते गेज त्या दिवशी मिळालं नाही म्हणून एक नंबर बारीक तार घातली. एप्रिल महिना, नारळ-सुपारीची बाग, पाणी बंद ठेवायची सोय नाही. मोटर चौथ्या दिवशी धुरासकट बसली. तांबं माझ्या खिशातलं गेलं, वर दोन दिवस त्यांच्या माडांना डिझेल इंजिन लावून पाणी घातलं ते वेगळं. गणितात कच्च्या आणि स्वभावाने घायकुत्या पोराला या कामात बसवून बघा. 78 टक्के जास्त झाले असं मला एकदाही वाटलं नाही.

आयटीआयत सगळं शिकवतात असंही नाही. मी वायरमन केलं, 1998 साली फॉर्म भरला. त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सलग सुरू झाली होती. माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्या गाडीत बसली. आयटीआयत फाइल मारायला शिकलो, बोर्ड भरायला शिकलो, आणि विजेला घाबरायचं कसं ते शिकलो, जे सगळ्यात महत्त्वाचं. वाइंडिंग शिकलो रत्नागिरीत एका उस्तादाकडे. तीन वर्षं. पहिलं वर्ष नुसतं जळलेलं तांबं उपसलं. म्हणजे सर्टिफिकेट हवंच, पण सर्टिफिकेट घेऊन लगेच दुकान टाकणाऱ्यांच्या मोटरी नंतर माझ्याकडे येतात.

आता बाबांचं सांगतो, कारण ताई हे विसरते. बाबा लालबागला कापडगिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, होते. चार माग एका वेळी सांभाळायचे, सूत तुटलं की नुसत्या आवाजावरून ओळखायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. दीड वर्ष वाट बघून बाबा गावी आले ते कायमचे. गावात माग नव्हता. एवढं कसब हातात असलेला माणूस नंतरची वीस वर्षं दुसऱ्याच्या बागेत गवत काढत होता. मी दहावी झालो तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, "हितं कुणाला लागंल असं काय शिकणार तू?" आजवर करिअरवर जेवढी भाषणं ऐकली, त्यात याच्याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

हितं काय लागतं? हल्ली जो उठतो तो पोरांना सांगतो, शेतीत करिअर करा, गावाकडे चला. सांगणारा बहुतेक ठाण्या-पुण्यात. त्यांना कोकणचा सातबारा माहीत नाही. आमच्या सातबाऱ्यावर 31 नावं आहेत. त्यातली नऊ माणसं वारलेली, चौघं कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, आणि एक काका हयात आहेत पण सही मागितली की त्यांना जुनं भांडण आठवतं. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हा ज्यांच्या सह्यांची भानगड नव्हती त्यांनी डोंगरच्या डोंगर हापूस-काजूने भरले. आमच्या वाट्याला अजून कातळ आणि गवत. असा पोरगा शेतकरी होणार तरी कसा? त्याला कर्ज मिळत नाही, योजनेत बसायचं तर संमतीपत्रं आणा.

माझं म्हणणं असं की जमीन नसलेल्याने इथल्या शेतीतलं हाताचं काम धरावं. ज्यांच्या बागा आहेत त्यांच्याकडे झाडं आहेत, माणसं नाहीत. कोय कलम बघा. जून-जुलैत कोय रुजते, पंधरा-वीस दिवसांचं तांबूस पानांचं रोप कापायचं, त्यात तेवढ्याच जाडीची हापूसची काडी पाचर करून बसवायची, पट्टीने आवळायची. काडी कुठल्या झाडाची, डोळा कितपत फुगलेला, सुरीला धार किती, हवेत दमटपणा किती, सगळं जुळलं तर कलम जगतं. आमच्याकडच्या एका नर्सरीत दोन बाया दिवसाला दोन-अडीचशे बांधतात आणि त्यांची कलमं मरत नाहीत. त्यांना हजेरी मात्र पिशव्या भरणाऱ्या बायांचीच मिळते. हे मला अजून पचलेलं नाही. याच कामाला पुरुष बसला असता तर त्याला 'कलमवाला' म्हटलं असतं आणि आणायला मोटरसायकल पाठवली असती.

किंवा आंबा काढणी. दापोलीच्या विद्यापीठाने 'नूतन झेला' (आंबा उतरवायची जाळीची काठी) काढला तो एवढ्यासाठीच की आंबा देठासकट उतरावा. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, साल काळवंडते, आणि वाशीला ती पेटी वेगळी पडते. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. पण पेटी वाशीला पोचेस्तोवर तिचा दर झाडावर झेला धरलेल्या माणसाच्या मनगटावर असतो, आणि तो माणूस दरवर्षी शोधावा लागतो. चाळीस-पन्नास वर्षांची उंचच उंच झाडं झालीत, फवारणीचा पाइप शेंड्यापर्यंत पोचत नाही. ती छाटून खाली आणायची म्हणजे कुठली फांदी ठेवायची, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) कधी लावायची, खोडकिड्याचं भोक कसं ओळखायचं, हे कळणारा पाहिजे. नुसती चेनसॉ घेऊन येणारे पुष्कळ आहेत. त्यांनी केलेली छाटणी बघून झाडाची दया येते.

ही कामं आज कोण करतं? बागांत राखणीला आलेले नेपाळी. पावसाळा संपला की येतात, आंबा संपला की जातात. आधी नुसते माकडं हाकायचे. आता फवारणी त्यांची, पंपाची वाल्व्ह बदलणं त्यांचं, पुष्कळ ठिकाणी छाटणीही त्यांचीच. बघून बघून शिकले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, माझी निम्मी मे महिन्याची गिऱ्हाइकं तीच आहेत. पण आमच्या वाडीतला एक पोरगा विरारला सोसायटीत वॉचमन आहे आणि त्याच्याच काकाच्या बागेत नेपाळचा वॉचमन आहे, हे गणित मला सुटत नाही. पोराला तिथे खोलीचं भाडं द्यावं लागतं. नेपाळ्याला इथे बागेत खोली मिळते.

आमचं कोकण बोर्ड 2012 पासून वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येत आलंय. अभिमान आहेच. पण पेढे वाटून झाले की तीच पोरं मुंबईला जाणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दिसतात.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं तेव्हा मी आठवड्याने दापोलीकडे गेलो होतो, एका मित्राच्या ओळखीने. लॉकडाऊन होता, पास काढून गेलो. माड आणि पोफळी आडव्या, खांब आडवे, तारा आडव्या. विहिरीत पाणी गळ्यापर्यंत आणि घरात प्यायला थेंब नाही, कारण सगळे पंप विजेवर आणि रहाट कधीच मोडीत काढलेले. तिथे दहा दिवस मी जनरेटरवर पंप चालवून देत फिरलो. लोकांकडे पैसे नव्हते असं नाही. मुंबईहून मुलांनी पाठवलेले होते. कौलं परतायला माणूस नव्हता, आडवा माड घराच्या वळचणीवरून न बिघडवता उचलायला माणूस नव्हता. एक आजी अंगणात बसून मला म्हणाली, "पैसे काय छपरावर घालू?" नातू पुण्याला, चांगल्या नोकरीत. तो तरी काय करणार होता म्हणा.

आता ताईच्या खऱ्या भीतीकडे येतो. पगाराचं ती बोलते, पण पोटातलं वेगळंच आहे. परवा शेवटी बोलली, "उद्या त्याला मुलगी कोण देणार?" याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या पंचक्रोशीत तिशी ओलांडलेले, स्वतःचं घर, स्वतःचा टेम्पो, स्वतःची बाग असलेले किती तरी मुलगे बसून आहेत. मुलीकडचे पहिलं विचारतात, मुंबईला कुठे असतो? मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत पाचजण असतील तरी चालतं. माझंच लग्न जमलं तेव्हा मध्यस्थाने परस्पर सांगितलं होतं की मुलगा 'इलेक्ट्रिकलमध्ये' आहे. बायकोला दुकान लग्नानंतर दिसलं. (ती म्हणते, दिसलं तेव्हा रडले नाही, पण हसलेही नाही. आता दुकानाचा हिशेब तीच ठेवते, आणि उधारी तीच वसूल करते.) मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या आयांनी गावात जे काढलं ते त्यांनी पाहिलंय. शेण, पाणी, चूल, सासू. गावातल्या पोराला नकार देताना त्या त्या सगळ्याला नकार देतात.

आणि भावोजी सगळेच चुकीचे आहेत असंही नाही, हे मी ताईला सांगितलं. माझी कंबर चाळिशीतच गेली. विहिरीतून सबमर्सिबल ओढून काढायचा तर चार माणसं लागतात आणि बहुतेक वेळा दोनच असतात. एकदा शॉक बसून पायऱ्यांवर पडलोय. मे महिन्यात दिवसाला दोन हजार सुटतात, जुलैत दुकानात मी आणि मांजर. ग्रास कटर आले म्हणून गणपतीच्या आधीचे दोन महिने तरी सुधारले. उधारी तर विचारूच नका. "आंब्याचे पैसे आले की देतो" हे वाक्य ऐकून माझे केस पांढरे झाले. मोहोर करपला तर बागायतदाराचं गेलं आणि त्याच्याबरोबर माझंही गेलं. पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "मग तू का करतोस?" मी म्हटलं, काम आवडतं आणि संध्याकाळी घरी जेवायला जातो. भावोजी सकाळी लोकलला निघतात ते रात्री साडेनऊला येतात, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.

ताईशी शेवटी तडजोड झालीय. इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा, तो करायचा, पण तिथूनच, तिच्या नजरेखाली. सुट्टीत माझ्याकडे. दोन वर्षांनी डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जायची वाट मोकळी राहते, हे कळल्यावर भावोजींनी पहिल्यांदा स्वतः फोन घेतला. "बघा काय ते," म्हणाले. त्यांच्याकडून हे फार झालं.

पोराला मात्र घाई आहे. परवाच गाडीने आलाय. दुकानात आल्या आल्या त्याला जळका स्टेटर आणि पक्कड दिली, तांबं उपसायला बसवलाय. बोटं सोलवटलीत, अजून कुरकुर नाही. आठ दिवसांनी बघू.

ता. क. : घरामागचे अकरा माड गेल्या दिवाळीपासून उतरलेले नाहीत. नारळ आपणहून पडतायत, परवा एक कोंबडीच्या खुराड्यावर पडला. आमचा पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) मुलाकडे पनवेलला गेला तो परत आला नाही. राजापूर-लांज्याकडे कुणी माडावर चढणारा असेल, शिडीने किंवा मशीनने, कसाही, तर मेसेज करा. नारळ विकास मंडळाने चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा विमा काढलाय, तो त्याने उतरवला नसेल तर फॉर्म मी भरून देतो. दर तो सांगेल तो. दुपारचं जेवण आमच्याकडे.