आठ पोती ढेप

आमच्या पिकअपचं स्टेअरिंग साठ-सत्तरच्या दरम्यान असं थरथरायचं की डॅशबोर्डवरचा गणपती हळूहळू पाठ फिरवून बसायचा. म्हणून परवा वाडीला जाऊन अलाइनमेंट केलं. पोराने चाकांना सेन्सर अडकवले, लाल आकडे हिरवे झाले, आठशे रुपये गेले.

छापून तीन आकडे मिळाले : टो, कॅम्बर, कॅस्टर. आमच्या गाडीला पुढेही स्प्रिंगचे पाटे आणि सरळसोट एक्सल, म्हणजे पान्याने फिरवता येतो तो एकटा टो, चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत तो. दोन चाकांना जोडणारा टाय रॉड थोडा आखूड-लांब करायचा, संपलं. बाकीचे दोन आकडे नुसते बघायचे, पत्रिकेतल्या मंगळासारखे. आठशे मात्र तिन्हींचे.

चक्कर मारून आलो. गणपतीची पाठ.

"अलाइनमेंट ओके आहे," पोरगा म्हणाला. मग चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचं ते बॅलन्सिंग? मशीन बंद, परवा या. मग हे आधी का नाही सांगितलं? तर, "तुम्ही अलाइनमेंट म्हटलं न भाऊ."

तेवढ्यात काका बोलले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ते पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. खुर्चीचा एक पाय विटेवर होता, म्हणजे अलाइनमेंटचा प्रश्न तिथेही होता. मी त्यांना दुकानाचे मालक समजत होतो. ते कोणीच नव्हते. खर्रा तोंडात गेल्यावर त्यांनी हनुवटी आभाळाकडे केली, रस सांडू नये म्हणून, आणि पत्र्याच्या छताला उद्देशून विचारलं, "गाडी रिकामी हाये न?"

"हो."

"मंग थरथरतेच. रिकाम्या गाडीचे पाटे उसळते. वजन टाकून पाहा."

हे अगदीच खोटं नाही, रिकामी पिकअप खड्ड्यात बकरीसारखी उडते. पण उडणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. ठरावीक वेगालाच थरथरत असेल तर चाकाचं वजन कुठेतरी एका बाजूला जास्त आहे, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं, "वजन कुठून आणू?"

काकांनी घाईघाईने थुंकून तोंड मोकळं केलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"मांगच्या गोदामात माझ्या म्हशींची आठ पोते ढेप पडून हाये. पारडीले न्यायची हाये. तुमची टेस्ट होऊन जाते, अन् माझं बी काम होते."

वाडी नागपूरच्या पश्चिम टोकाला, पारडी पूर्वेच्या. तरी मी गेलो. का गेलो, हे बायकोने तीनदा विचारलं आहे. आठशे रुपये देऊन काहीच न झालेला माणूस कशालाही हो म्हणतो, दुसरं काय सांगू.

रिंग रोडला लागलो तसे काका परीक्षक झाले. "घ्या न सत्तरवर. हां. आता सोडा. आता पुन्हा घ्या." सत्तरला चाक सेकंदाला जवळपास नऊ वेळा फिरतं, आणि त्या प्रत्येक फेरीला काकांची चुन्याची डबी डॅशबोर्डवर टकटक वाजत होती. चारशे किलो सरकी ढेप मागे असूनही. काका म्हणाले, "पह्यलेपेक्षा कमी वाटते." पहिले ते गाडीत नव्हतेच!

पारडीला पोती मीच उतरवली. काकांची कंबर धरली होती. चहा? दूध अजून काढायचं होतं म्हणे. त्यांचा नातू पाइपने म्हशी धूत होता. जाता जाता त्याने माझ्या चाकावरही धार सोडली आणि ओरडला, "आबा, गाडीतून शेण पडलं!"

शेण नव्हतं. मागच्या आठवड्यात काटोलकडे संत्र्याची कलमं आणायला गेलो तेव्हा गाडी वावरात फसली होती. ती काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळून वीट झाली होती. तळहाताएवढी, दीडशे ग्रॅमची तरी. त्या वेगाला एवढंसं ढेकूळ आठ-नऊ किलोच्या जोराने चाक ओढतं. अलाइनमेंटच्या पोराने त्याच रिमला सेन्सर अडकवला होता. आत वाकून बघायचे पैसे वेगळे पडत असावेत.

काकांनी ढेकूळ हातात घेऊन जोखलं.

"म्या म्हटलं होतं न भाऊ, वजनाचाच प्रॉब्लेम हाये."

मग नातवाला म्हणाले, "फेकू नको रे, तुळशीत टाक. चांगली माती हाये."